थोरल्यांची माती

एक जानेवारीला सकाळी आमचे घरमालक सर पेढे वाटायचे. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्यांना वाटे, नवीन वर्षाचे. कुणी हात पुढं करून ‘हॅपी न्यू इअर, सर’ म्हणालं, की सर पुढं केलेला पेढा पुन्हा बॉक्सकडं नेत आणि सांगत, "नवीन वर्षाचा न्हवं ह्यो. येशू पंचवीसला जन्मला, आज आठवा दिवस. बाळाची सुंता झाली आज. घ्या आता."

बायका पदराआड हसत. पुरुषांपैकी काहीजण पेढा हातात धरून नुसतेच उभे राहत, खावा की नको अशा विचारात. सरांना त्याचं काही वाटत नसे. "जन्माचा केक सगळी खात्यात," ते मला जिन्यात म्हणाले होते. "आठव्या दिवशी आईबापानं त्याला रीतसर यहुदी केला, त्याचा पेढा खायची मात्र लाज वाटती."

मी बँकेच्या बदलीनं नांदेडहून कोल्हापुरात आलो होतो आणि उचगावच्या बाजूला सरांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. सर हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, मूळचे चंदगडचे, जातिवंत कोल्हापुरी बोलणारे. अंगानं इतके लहान, की फळ्याच्या वरच्या निम्म्या भागाला त्यांचा खडू कधी लागलाच नाही असं त्यांचे विद्यार्थी सांगत. आवाज मात्र असा, की खाली ते भाजीवाल्याशी बोलले तरी वर माझ्या चहाच्या कपाला कळावं. त्यांच्या बाई वारलेल्या. मूलबाळ नाही. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्यांना ‘यहुदी सर’ म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं. आवडतही असावं.

निवृत्तीनंतर ते हिब्रू शिकले. कुणाकडून नाही, एक जुनं व्याकरण मिळवलं आणि गणितासारखं सोडवत बसले. सकाळी गच्चीवर उजवीकडून डावीकडं बोट फिरवत मोठ्यानं वाचायचे. शेजारी म्हशी राखणारे अण्णा होते, दुधाचा रतीब घालायचे. ते खालून विचारत, "सर, आज कुनाला शिव्या द्यायलाय?" सर वरून सांगत, "शिव्या न्हाईत अण्णा, येशू ज्या भाषेत शास्त्र वाचायचा तिची पाटी गिरवतोय." अण्णा म्हणत, "व्हय व्हय, गिरवा," आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारत.

मी बौद्ध घरातला. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले. मागं वळून बघायचं नाही, हे मी चालायच्या आधी शिकलो असेन. त्यामुळं एक माणूस, ज्याचा पणजा चंदगडच्या डोंगरात गावदेवीला कोंबडं कापत होता आणि ज्याचा आजा ख्रिस्ती झाला, तो आता तिसऱ्याच लोकांची मुळं उकरत बसतो, हे मला समजत नव्हतं. मी तसं विचारलंही.

सर गरम झाले नाहीत. म्हणाले, "तुमचं बरोबर हाय. जे तुमच्या मानगुटीवर बसलं हुतं ते तुम्ही फेकून दिलं. पण आपण ज्याच्या खांद्यावर बसलोय, त्याला कसं फेकायचं? पडू की आपणच."

एका रविवारी त्यांच्या आग्रहावरून मी देवळात गेलो. बाहेरगावचे कुणी उपदेशक आले होते. चांगलं बोलत होते. बोलता बोलता त्यांनी हात उंचावला आणि म्हणाले, ‘यहुद्यांनी प्रभूला मारलं.’ पहिल्या बाकावर सर उभे राहिले. "आणि मेला त्यो कोण हुता?" त्यांनी विचारलं. "त्याची आई कोण हुती? त्याचं बारा चेलं कुठल्या जातीचं?" एवढंच विचारून ते खाली बसले. नंतर उपदेशकांनी तो मुद्दा सोडून दिला आणि घाईनं गीत घ्यायला सांगितलं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सर, पाहुण्या माणसाला असं भर सभेत." ते म्हणाले, "पावणा त्यो एकटाच न्हवं. यहुद्यांच्या घरात पावणं आपण सगळीच. तेच त्याला सांगितलं."

पण हे एवढंच असतं तर सर म्हणजे एका विषयाचं वेड घेतलेला एक म्हातारा, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. ते वेड कुठं थांबवायचं तेही त्यांना कळत होतं, आणि तिथंच मी त्यांच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

एकदा कुठल्याशा नव्या ख्रिस्ती मंडळीचा एक तरुण प्रचारक मोटारसायकलवरून आला. गळ्यात यहुद्यांची प्रार्थनेची, निळ्या काठाची गोंड्यांची शाल, हातात वळणदार लांब शिंग. यहुदी लोक सणाला फुंकतात तसलं. त्यानं ऐकलं होतं की सरांना हिब्रू येतं. त्याला वाटलं, आपलाच माणूस. त्यानं अंगणात ते शिंग फुंकून दाखवलं. अण्णांची एक म्हैस दावं तोडून निघाली. सरांनी त्याला बसवलं, चहा दिला, आणि विचारलं, "ही शाल तुम्हाला कुनी दिली?"

"ऑनलाइन मागवली, सर. आपली मुळं आहेत ना ही."

"मुळं हाईत. आपली न्हाईत." सर नेहमीपेक्षा हळू बोलत होते. "पावण्याला घरात घेतलं, पाटावर बसवलं, ताट वाढलं. त्यानं जेवावं, यजमानाचं नाव घ्यावं. उठताना त्याचं देवघर काखोटीला मारून न्हेऊ नये. एक पावणा यजमानाला घराबाहेर काढतोय, दुसरा त्येचे कपडे घालून मिरवतोय. दोघांनाबी घर कळलं न्हाय."

पोरगा चहा अर्धा टाकून गेला. सर त्या कपाकडं बराच वेळ बघत होते. "जरा जास्त झालं काय?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, नाही.

सुट्टीत ते मला चंदगडला घेऊन गेले. एसटी घाट चढू लागली तसे सर अधिकच मोठ्यानं बोलू लागले. त्यांच्या धाकट्या भावाची काजूची बाग होती. भाऊ मांडवात बसून कलमं बांधत होता. गावठी बी रुजवून आलेलं रोप, त्याला म्हणायचं खुंट. चांगल्या झाडाची आणलेली कोवळी काडी त्यावर बसवायची आणि पट्टी गुंडाळायची. सरांनी त्याला विचारलं, "समज, खुंट जातवान घेतला आणि वर रानातली काडी बांधली, तर?"

भाऊ मान वर न करता म्हणाला, "तुला येड लागलंय. रानटी काडीला रानटीच फळ येनार. खुंट कितीबी चांगला आसू दे."

सर माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी आधी पाहिला नव्हता. "ऐकलं? आता बायबलात पौलानं काय लिवलंय सांगतो. जातिवंत जैतुनाचं झाड म्हंजे यहुदी, आणि देवानं त्याच्यावर रानातली फांदी बांधली. म्हंजे आम्ही. कुठल्याबी बागाईतदाराला इचारा, असं उलटं कोण करत न्हाय. आमच्या फांदीला गोड फळ यायचं कायबी कारण नव्हतं." मग म्हणाले, "म्हणून भ्या वाटतं मला. फांदीनं मुळाला शिव्या दिल्या की भ्या वाटतं."

मी त्यांचा देव मानत नाही. पण त्या मांडवात, प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या ढिगाशेजारी उभा राहून मला त्यांच्या त्या भीतीचा हेवा वाटला.

कोल्हापुरात एक यहुदी होता. एकच. कोकणातला, बेने इस्राएल समाजाचा. त्यांचे पूर्वज तिकडं तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. हे गृहस्थ तरुणपणी साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून आले आणि इथंच राहिले. बायको वारली होती, मुलगी लग्न करून इस्राएलला गेली होती. ऐंशीच्या पुढचे, उंच, धोतरासारखी ढगळ पँट घालणारे. सर त्यांना ‘थोरले’ म्हणत. आपल्यापेक्षा वयानं मोठे म्हणून असेल असं मला वाटलं होतं. पण ते विशीतले असते तरी यहुदी म्हणून सरांनी त्यांना थोरलेच म्हटलं असतं.

शनिवारी दुपारी सर त्यांच्याकडं जात आणि खुर्ची रिकामी असली तरी खाली सतरंजीवर बसत. थोरल्यांना अवघडल्यासारखं होई.

"अहो मास्तर, वर बसा. मला तुमच्याएवढं हिब्रूसुद्धा येत नाही. आयुष्यभर मी उसाचा रस तपासला."

"येऊ दे न्हायतर न येऊ दे," सर म्हणत. "अडाणी पोरगंबी घरचंच असतं."

थोरले खूप हसत. मुलगी सुखरूप पोचली, नातू पास झाला, असं काही झालं की ते यहुद्यांच्या एलियाहू पैगंबराच्या नावानं मलिदा करत. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, वेलदोडा, वर फळं. एकदा मलाही बोलावलं. कोल्हापुरात मलिदा म्हटलं की लोकांना वेगळंच काही आठवतं, हा विनोद थोरल्यांनी स्वतःच केला. मग डोक्यावर टोपी ठेवून ते थरथरत्या आवाजात प्रार्थना म्हणू लागले. मध्येच अडकले. पुढचे शब्द आठवेनात. मी सरांकडं पाहिलं. त्यांना ते शब्द पाठ होते, मी गच्चीवर कितीदा ऐकलेले. पण सरांनी ओठ घट्ट मिटले होते आणि डोळे जमिनीकडं. थोरल्यांना आठवेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

थोरले गेले ते महापुरात.

पंचगंगेचं पाणी शहरात शिरलेलं, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पुण्याकडं जाणारी वाट बंद. वीज नाही, पेट्रोल फक्त अॅम्ब्युलन्सला. पहाटे झोपेतच गेले. सरांनी पुण्याच्या यहुदी समाजातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला फोन लावला. त्यांचा नंबर थोरल्यांनीच देऊन ठेवला होता. एरवी थोरल्यांना पुण्याच्या दफनभूमीत नेलं असतं. आता ते अशक्य होतं, आणि त्यांच्या रीतीप्रमाणं माती लांबवायची नव्हती.

फोनवरचा माणूस म्हणाला, "आमचं तिथं कुणी नाही. मग तुम्हीच करा. मी सांगतो तसं करा."

आंघोळ घालायला सर, मी आणि अण्णा असे तिघं होतो. अण्णांनी चुलीवर पाणी तापवलं. दुकानं बंद होती. अण्णांनी एका ओळखीच्या कापडवाल्याला घरातून उठवून आणलं आणि नव्या मांजरपाटाचा तागा फाडून घेतला. सरांनी फोनवर ऐकलेलं आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. अंग कधी उघडं ठेवायचं नाही. पालथं करायचं नाही. देहावरून हात करून एकमेकांना वस्तू द्यायची नाही. तांब्या हवा असेल तर वळसा घालून जायचं. जगभराशी ओरडून बोलणारे सर त्या खोलीत कुजबुजत होते. अण्णा एकदा घाईत तांब्या वरून पुढं करायला गेले, आणि स्वतःच थबकून वळसा घालून आले.

सगळं झाल्यावर मेलेल्या माणसाची क्षमा मागायची असते. सर थोरल्यांच्या पायाशी उभे राहिले. "आमच्या हातनं काय चुकलं असंल तर माफी करा, थोरले," ते म्हणाले. "आम्ही घरचे न्हाई. आम्हाला सवय न्हाई."

अण्णांचा ट्रॅक्टर होता, त्याच्या ट्रॉलीतून आम्ही गुडघाभर पाण्यातनं ख्रिस्ती दफनभूमीकडं गेलो. ती उंचावर होती. गेटवर छत्री घेऊन देवळाचे पाळकसाहेब उभे होते आणि तिथल्या पंचमंडळातले एक गृहस्थ. सर स्वतः पंचमंडळात सगळ्यांत जुने. त्यांनी सकाळीच निरोप धाडला होता. पाळकसाहेब वयानं लहान, सभ्य माणूस. त्यांची अडचण त्यांच्या तोंडावर दिसत होती.

"सर, जागेला ना नाही," ते म्हणाले. "पण इथं क्रुसाशिवाय आणि प्रार्थनेशिवाय आजवर कुणाला ठेवलेलं नाही."

"भिंतीकडच्या कोपऱ्यात ठेवू. मोकळाच हाय. क्रूस न्हाय."

"मग प्रार्थना तरी. प्रभूच्या नावानं दोन शब्द."

"न्हाय."

पंच म्हणाले, "सर, तुम्हीच प्रभूला नाकारताय, असा याचा अर्थ होतो. मंडळीला काय सांगायचं?"

ट्रॉलीवरच्या ताडपत्रीवर पाऊस वाजत होता.

"पाळकसाहेब," सर म्हणाले, "प्रभूला पुरला तवा काय केलं? धुतलेल्या कापडात गुंडाळला. दिवस मावळायच्या आत ठेवला. त्याच्या थडग्यावर क्रूस हुता? त्याच्या नावानं कुनी प्रार्थना केली? त्याच्या मानसांनी त्याला त्याच्या रीतीनं ठेवला. मी ह्यांच्यासाठी त्येच मागतोय. जास्त न्हाय."

पंच गृहस्थ निघून गेले. पाळकसाहेब तिथंच थांबले. मग त्यांनी छत्री मिटली, गेटाला अडकवली आणि अण्णांच्या हातातलं एक फावडं घेतलं.

माती लोटून झाली. सरांनी बायबलातलं मेंढपाळाचं स्तोत्र मराठीत म्हटलं. ते दोन्ही घरांत चालतं, म्हणाले. यहुद्यांत गेलेल्या माणसासाठी म्हणायची एक प्रार्थना असते, हे मला सरांकडूनच माहीत होतं, आणि ती त्यांना पाठ होती हेही. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "सर, ती म्हणा ना. त्यांना कोण म्हणणार दुसरं?"

"त्येला धा मानसं लागत्यात."

"मग बोलावू या ना. अण्णांची मुलं आहेत, रस्त्यावर लोक आहेत."

"त्यांच्यातली धा." सरांनी ओल्या मातीकडं बोट केलं. "हितं एकबी न्हाय. एक हुता, त्यो खाली हाय."

सगळी प्रार्थना तोंडापर्यंत आली आणि त्यांनी ती परत गिळली, असं मला वाटलं. एखाद्या माणसाला जे म्हणता येतं, जे म्हणायची त्याची सगळ्यांत जास्त इच्छा आहे, आणि अडवणारं जिथं कुणीही नाही, तिथं ते न म्हणता तो पावसात उभा राहतो. मी पुष्कळ श्रद्धावंत पाहिले आहेत. इतकी मोठी श्रद्धा पुन्हा पाहिली नाही.

पूर ओसरल्यावर मंडळीची सभा झाली. सरांना पंचमंडळातून काढलं. रविवारी बायबलच्या जुन्या करारातला पाठ वाचायचं काम कित्येक वर्षं त्यांच्याकडं होतं, तेही काढून घेतलं. पाळकसाहेब त्यांच्या बाजूनं बोलले, पण एकटेच. सर पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेले. "मागनं सगळ्यांची टकली दिसत्यात," ते मला म्हणाले, "प्रार्थनेत जरा मन रमतं." मात्र एका रविवारी मी त्यांना आणायला गेलो तेव्हा दारातून पाहिलं. पुढं कुणी तरुण पाठ वाचत होता, आणि मागच्या बाकावर सरांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

हिवाळ्यात थोरल्यांची मुलगी आली. पन्नाशीची बाई, इतकी वर्षं परदेशात राहून कोल्हापुरी विसरली नव्हती. ट्रॅव्हलर गाडी करून ती पुण्याहून समाजाच्या माणसांना घेऊन आली होती, बापाच्या मातीवर दगड बसवायला आणि राहिलेली प्रार्थना म्हणवून घ्यायला. ती आधी आमच्याकडं आली. सरांच्या पाया पडायला वाकली तसे सर दोन पावलं मागं सरले. "उलटं व्हायलंय ह्ये," ते म्हणाले. ती म्हणाली, "सर, ऱ्हावा की गप," आणि पाया पडलीच.

दफनभूमीचं गेट पाळकसाहेबांनी स्वतः उघडलं. टोप्या घातलेले ते पुरुष कोपऱ्यातल्या दगडाभोवती गोळा झाले. सर गेटापाशी थांबले. मीही थांबलो. तेवढ्यात त्यांच्यातला सगळ्यांत वृद्ध माणूस, पुरात फोनवर होता तो, काठी टेकत आमच्याकडं आला आणि त्यानं सरांना खालीवर न्याहाळलं.

"तुम्हीच होय? फोनवरच्या आवाजावरून मला वाटलं, पैलवान असणार." मग म्हणाला, "आत या."

"मी धात न्हाय," सर म्हणाले.

"आम्ही पुरेसे आहोत. तुम्हाला दहात कोण घेतंय? पण आमेन म्हणायला कुणाला परवानगी लागत नाही. तेवढं म्हणा."

सर आत गेले आणि वर्तुळाच्या मागं उभे राहिले. पाळकसाहेब आणि मी त्यांच्या बाजूला. प्रार्थना सुरू झाली. ती मध्ये मध्ये थांबते आणि तिथं बाकीच्यांनी आमेन म्हणायचं असतं. कुठं, ते आमच्यात फक्त सरांना ठाऊक होतं. पहिल्या वेळी ते इतकं हळू म्हणाले, की मलाच ऐकू आलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा त्यांचा नेहमीचा आवाज आला, भिंतीपलीकडच्या रस्त्यावर जाईल असा. थोरल्यांच्या मुलीनं वळून पाहिलं आणि तोंडावर ओढणी धरली. पाळकसाहेब सरांच्या ओठांकडं बघत राहिले, आणि पुढच्या वेळी त्यांच्या पाठोपाठ, शिकणाऱ्या मुलासारखे, आमेन म्हणाले.